हळद लागलेला शिंजीर

मिरजगावात मी दोन वर्षं एका धबधब्याखाली झोपले. धबधबा कापडी पडद्यावर रंगवलेला होता. त्याच्या डावीकडे एक हंस, उजवीकडे ताजमहाल आणि मधोमध नवरा-नवरी उभी राहतील एवढी मोकळी जागा. ताजमहालाशेजारी धबधबा कुठून आला, असं मी पहिल्याच दिवशी घरमालकीणबाईंना विचारलं. चूक काढल्याशिवाय आम्हा पुणेकरांना चहा गोड लागत नाही.

"कुनाला ह्यो पायजे असायचा, कुनाला त्यो," त्या म्हणाल्या. "भिंत एकच हाय. तू हंसाकडं तोंड करून झोप, म्हंजी ताजमहाल दिसायचा न्हाई."

पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर म्हणून माझी बदली झाली होती आणि राहायला मिळाली ती एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओची खोली. घरमालकीणबाईंना सगळा गाव फोटोवाल्या काकी म्हणायचा. स्टुडिओ मुळात त्यांच्या यजमानांचा. पण लग्नघरातल्या बायकांच्या खोलीत पुरुषाला शिरायची सोय नव्हती, म्हणून यजमानांनी एकदा यांच्या हातात कॅमेरा दिला. तो त्यांनी परत दिलाच नाही. यजमान गेल्यावरही कर्जतपासून जामखेडपर्यंतची लग्नं त्यांनी एकटीने काढली. पुढे प्रत्येक वऱ्हाड्याच्या हातात मोबाईल आला, तेव्हा काकींनी आपण होऊन दुकान बंद केलं. जाकीट मात्र सुटलं नाही. साडीवर बिनबाह्यांचं, खिशाखिशांचं पुरुषी जाकीट. एका खिशात सेल, एकात सेफ्टी पिना, एकात टिकल्यांचं पाकीट, एकात लवंगा. आयत्या वेळी नवरीची टिकली पडली तर शोधत कोण बसणार, म्हणून टिकल्या. लवंगा कशाला ते तेव्हा कळलं नाही.

खोली देताना त्यांनी एकच अट घातली होती. "पुढच्या दारानं यायचं न्हाई. ओसरीत बाळंतीण हाय."

मी आठवडाभर चपला हातात घेऊन मागच्या दाराने ये-जा केली. बाळ रडत कसं नाही याची डॉक्टर म्हणून मला काळजी वाटू लागली. शेवटी बाजारातून झबलं-टोपडं आणलं आणि बाळ बघायचंय म्हणून सांगितलं. काकींनी मला ओसरीच्या खिडकीशी नेलं. पूर्वी जिथे स्टुडिओचा दिवा लोंबायचा त्या वायरीच्या टोकाला एक गबाळं बोचकं लटकत होतं. वाळकी पानं, झाडाची साल, कोळ्याची जाळी आणि मधे लग्नपत्रिकेची चमकी. त्याच्या भोकातून एक बारीक वाकडी चोच बाहेर आली होती. शिंजिराची मादी अंड्यांवर बसली होती. तिच्यासाठी काकींनी ओसरीची वीज तोडून घेतली होती. टोपडं त्यांनी ठेवून घेतलं. "ऱ्हाऊ दे. तुला लागंल कवातरी," म्हणाल्या.

आता माझ्या कॅमेऱ्याबद्दल सांगायला हवं. तो मी हमिंगबर्डच्या व्हिडिओंच्या नादाने घेतला होता. तिकडे अमेरिकेत एक गृहस्थ अंगणात लाल बाटलीत साखरपाणी टांगायचे, भोवती सहा फ्लॅश लावायचे आणि हवेत थबकलेल्या पक्ष्याचं पीसन् पीस मोजता येईल असे फोटो काढायचे. हमिंगबर्ड आपल्याकडे नाही हे मला कॅमेरा घेतल्यावर कळलं. पण शिंजीर आहे. अंगठ्याएवढाच, फुलांतला मध पिणारा, आणि मनात आलं तर फुलासमोर क्षणभर हवेत उभा राहणारा. मी परसात साखरपाण्याची बाटली टांगली. पहिल्या दिवशी मुंग्या आल्या, दुसऱ्या दिवशी आणखी मुंग्या आल्या, तिसऱ्या दिवशी खार येऊन बाटली पाडून गेली.

काकी भाकरी थापता थापता हे सगळं बघत होत्या. "पाव्हन्याला बोलवायची रीत हाय का ही?" त्या म्हणाल्या. "त्याचं घर डाळिंबावर. आपुन त्याच्या घरी जायचं, हुबं ऱ्हायचं, त्यानं 'या' म्हनायची वाट बघायची."

त्या दिवसापासून माझी शिकवणी सुरू झाली. सकाळी दवाखाना उघडायच्या आधी परसातल्या डाळिंबापाशी. आधी न्याहारी, कारण उपाशी माणसाचा हात हलतो. मग उजेड बघायचा, तो कॅमेऱ्यात नाही, तळहातावर. काकी हात पुढे धरून गरागरा फिरायच्या आणि तळवा जिथे त्यांना पसंत पडेल तिथे थांबायच्या. मग माझं कोपर धरून मला तिथे उभं करायच्या. आणि पक्षी फांदीवर आला की त्याला हळूच सांगायच्या, "हनुवटी खाली."

पहिले दोन आठवडे माझ्या फोटोंत नर शिंजीर कोळशाच्या खड्यासारखा आला. मी वैतागून म्हटलं, "काळ्या पक्ष्याचा काय फोटो येणार, काकी!"

"काळा न्हाई गं त्यो. तू हुबी चुकीच्या जागी हाईस."

त्यांनी मला तीन पावलं डावीकडे सरकवलं. कोवळं ऊन माझ्या खांद्यावरून जाऊ लागलं. शिंजिराने मान वळवली आणि मी बटण दाबायचं विसरले. गळा जांभळा, डोकं निळं, पाठीवर हिरवी झाक, आणि पुन्हा मान वळली की परत काळा. दोन आठवडे हाच पक्षी माझ्यासमोर बसत होता.

काकी तेव्हा एक गोष्ट बोलून गेल्या. लग्नात सावळी नवरी असली की सासरचे यायचे आणि म्हणायचे, जरा उजळ येऊ द्या. मग काकी समोरून भडाभड फ्लॅश मारायच्या. "समद्या पिठात घोळल्यागत आल्या. नाक न्हाई, गाल न्हाई. तीन पावलं सरकायचं हुतं नुसतं. घाईत न्हाई सरकले."

माझाही असा एक फोटो आहे. स्थळांना पाठवायला काढलेला, गिरणीतून पीठ घेऊन आल्यासारखा. तो बघून येणारी मंडळी मला प्रत्यक्ष बघून पोहे अर्धे टाकून उठायची. तेव्हापासून मी कॅमेऱ्याच्या मागेच राहिले आहे. हे मी काकींना सांगितलं नाही, पण त्या सकाळी मला आतून फार बरं वाटलं.

तर ऊन कळलं. पण उन्हात पंख फिसकटत होते. शिंजीर फुलासमोर थबकला की पंखांच्या जागी नुसता धूर. तिथे फ्लॅश हवा. मी फ्लॅश लावला तर भर दिवसा पक्ष्यामागे अमावास्या झाली आणि पक्षी दचकल्यासारखा दिसू लागला. काकींनी फ्लॅश माझ्या हातून काढून घेतला. "फ्लॅश मिठावानी. लागला म्हनून कळला, की जास्त झाला." त्यांनी त्याची ताकद अगदी कमी केली. ताकद कमी केली की लखलखाटही आखूड होतो आणि पंख जागच्या जागी गोठतात, हे मी त्या अमेरिकन गृहस्थांकडून तीन व्हिडिओ बघून शिकले होते. काकी म्हणाल्या, "कमी बोलनारा मानूस झटक्यात बोलून मोकळा हुतो, तसंच की." पक्ष्यामागची अमावास्याही त्यांनीच घालवली. माझ्या पलंगामागचा धबधबा काढून आणला आणि फुलाच्या मागे, दोन हात अंतरावर टांगला.

राहिला प्रश्न फ्लॅशचा कडकपणा घालवायचा. त्यासाठी त्यांनी ट्रंकेतून अंतरपाट काढला. गावातल्या गुरुजींकडून मागून आणलेला, अनेक लग्नं लावलेला, मऊ झालेला. "पाट धरला की नवरीचं तोंड कसं निवांत दिसतं, बघितलंस का कवा? पाट निघाला की समदे अक्षता फेकत मधी येत्यात. मी फोटो पाट धरलेला असतानाच काढायची." तो अंतरपाट दोन काठ्यांना बांधून आम्ही फ्लॅशसमोर ताणला. उजेड दुधासारखा झाला. मी इतकी खूश झाले की पहिला चांगला फोटो, मादीचा, लगेच पक्षीमित्रांच्या व्हॉट्सअॅप गटात टाकला.

तासाभरात गटात खळबळ. मादी शिंजिराचं पोट फिकट पिवळं असतं, माझ्या मादीचं शेंदरी होतं. एक म्हणाले संकर आहे. दुसरे म्हणाले दक्षिणेतली जात भरकटून आली. तिसऱ्यांनी मला खासगीत जागा विचारली. पुण्याहून दोघं जण रविवारी पहाटेच निघतो म्हणाले. मी तर मनातल्या मनात नव्या जातीला नाव देऊन टाकलं. संध्याकाळी काकींना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि पदर तोंडाला लावून त्या हसत सुटल्या.

"अगं, ह्ये आपल्या पाटाचं कुंकू!"

अंतरपाटाच्या मधोमध कुंकवाचं स्वस्तिक होतं. लग्नागणिक नव्याने काढलेलं, जाडजूड. आणि मी फ्लॅश बरोब्बर त्याच्यामागे ठेवला होता. गटात लिहावं लागलं की रंग उजेडाचा आहे, पक्ष्याचा नाही. कुणीतरी विचारलं, फिल्टर कुठला? मी लिहिलं, कुंकू. त्यावर दोन दिवस गटात कोणीही काहीही बोललं नाही. पुण्याचे दोघं तरीही आले, काकींच्या हातची हुलग्याची शेंगोळी खाऊन खुशीत परत गेले.

फ्लॅश कितीही मऊ झाला तरी ओसरीतल्या घरट्यापाशी तो न्यायला मात्र काकींची सक्त बंदी होती. "बाळंतिणीच्या खोलीत मी कवाच फ्लॅश मारला न्हाई. तिथं हाय त्या उजेडात भागवायचं."

एवढं सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग एका दुपारी काकी दवाखान्यात आल्या. त्या दवाखान्यात कधी येत नसत. रांगेतल्या म्हशी ओलांडून त्यांनी ओंजळ माझ्या टेबलावर धरली. "डॉक्टर, पेशंट आनलाय."

ओंजळीत शिंजिराचा नर होता. कुणाच्या तरी द्राक्षबागेवरच्या जाळीत अडकलेला. नायलॉनचा धागा पंखात रुतला होता. मी तोवर तीनशे किलोंच्या खालचा पेशंट फारसा हाताळलेला नव्हता. काकींनी जाकिटातून नखं कापायची बारीक कात्री काढली, मी श्वास रोखून एकेक धागा तोडला. पक्षी अर्धा तास माझ्या खोक्यात बसला आणि मग खिडकीतून गेला. काकी हसल्या नाहीत.

"दत्तानं जाळी मागवलीय," त्या म्हणाल्या. "बेस्तरवारी येनार हाय."

दत्ता म्हणजे काकींचा पुतण्या. त्याची डाळिंबाची बाग काकींच्या घराला लागूनच होती आणि ओसरीतल्या जोडीचं सगळं खाणंपिणं तिथेच. बागेचा तो पहिलाच आंबे बहार, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावरचा फुलोरा. फुलं गळत होती आणि दत्ताने गुन्हेगार शोधला होता: फुलात चोच घालून फुलं फोडणारा शिंजीर. नर फुलं तशीही गळतातच, हे मी सांगितलं, काकींनी सांगितलं. पण पहिल्या बहाराचा शेतकरी कुणाचं ऐकत नाही. जाळी बसली असती तर घरट्यातली पिल्लं उडायच्या आतच आईबाप जाळीत गेले असते. दर वेळी कात्री वेळेवर पोचत नाही.

"दत्ता," काकी त्याला म्हणाल्या, "त्यो फुलात जाऊन काय करतो ह्ये तू बघितलंस?"

"काकी, त्यो डोळ्याला दिसतो व्हय? फुर्रकन येतो, फुर्रकन जातो."

"आमी दावतो. जे आसंल ते दावतो. मंग तू ठरव."

बेस्तरवार पाच दिवसांवर होता. मी अर्ध्या दिवसाच्या रजा टाकल्या. दत्ताच्या बागेत आम्ही अंतरपाट ताणला, या वेळी कुंकवाची जागा चुकवून, आणि फुलांमागे पडदा टांगला. धबधब्याची बाजू वाऱ्याने फडफडायला लागली म्हणून ताजमहालाची बाजू पुढे घेतली. सकाळच्या उन्हात उन्हाचे फोटो, मग फुलावर सावली आली की फ्लॅशचे. "उन्हाचा फोटो त्याच्या आईला द्यायचा," काकी म्हणाल्या, "फ्लॅशचा पोलिसाला." चार सकाळी मी गवतात गुडघे टेकून होते आणि काकी माझ्यामागे उभ्या राहून शिंजिराला हनुवटी खाली घ्यायला सांगत होत्या. चारेकशे फोटो झाले. इतकी मजा मला पदवी मिळाली तेव्हाही आली नव्हती.

बुधवारी दुपारी लॅपटॉपवर फोटो बघत बसलो. एकामागून एक फोटोत शिंजीर समोरून, पाकळ्यांच्या मधून, रीतसर आत जात होता. मग एक फोटो आला आणि मी तो मोठा करून बघितला. चोच फुलाच्या बुडाशी, बाजूने, थेट आत. फूल फोडतानाचा, लख्ख, पंख गोठलेला, केसाएवढी चीर दिसणारा फोटो. माझा त्या वर्षातला सर्वांत चांगला फोटो होता तो.

"एकच आहे," मी म्हटलं. "काढून टाकते."

"हात लावू नको."

"काकी, हा बघितला की तो उद्या जाळी बांधेल. चारशेत एक आहे, कुणाला कळणार आहे?"

"मला कळंल," त्या म्हणाल्या. "रुसलेली आत्या पन अल्बमात लागती, डॉक्टर. मी एकदा नवरींची तोंडं पांढरी केली. आता पुन्यांदा न्हाई." एवढं बोलून त्या उठल्या आणि कॅमेऱ्याचं कार्ड घेऊन फोटो छापायला एस.टी.ने कर्जतला गेल्या. मी चिडून जेवले नाही. पिल्लांपेक्षा यांना आपला खरेपणा मोठा, असंही मनात आलं. ते मी बोलले नाही याचं आज मला बरं वाटतं.

बेस्तरवारी जाळीचा गठ्ठा टेम्पोतून उतरला आणि त्याच्यापाठोपाठ काकी दत्ताच्या पडवीत शिरल्या. काखेत लग्नाचा अल्बम. स्टुडिओतला उरलेला, मखमली, वर सोनेरी अक्षरांत 'शुभविवाह'. दत्ताने तो मांडीवर घेतला. पहिल्या पानावर उन्हातला शिंजीर, जांभळा, निळा.

"ह्यो आपल्याकडचा हाय?"

"तुज्या बांधावरचा."

दुसरं पान. फुलासमोर थबकलेला शिंजीर आणि मागे धूसर घुमट. "काकी, ह्यो आग्र्याला गेल्ता व्हय?" दत्ता हसला. मी हसले नाही, पुढचं पान मला माहीत होतं. ते पान त्याने उलटलं आणि त्याचं बोट त्या चिरेवर गेलं.

"मंजी फोडतोय की ह्यो!"

"व्हय. फोडतो," काकी म्हणाल्या. "चारशात एक. तू लगीन काढलंस तर जेवान कितीचं धरतोस? बोलावल्यात तेवढ्याचंच?"

"तसं कसं? वरची धरावीच लागत्यात."

"मंग?"

दत्ताने पुढचं पान उलटलं. त्यात शिंजीर कोळी चोचीत धरून फुलाबाहेर येत होता. आणि मग शेवटचं पान. हा फोटो मी काढला होता, पण मी त्यात पंख बघितले होते, बाकी काही नाही. फुलातून नुकताच बाहेर पडलेला नर, मान जराशी खाली, आणि काळ्याभोर कपाळावर परागांचा पिवळाधमक लेप. मागे लाल डाळिंबाचं फूल आणि ताजमहाल.

दत्ताने अल्बम डोळ्यांजवळ नेला. मग दूर धरला. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू फुटायला लागलं ते थांबेना.

"काकी, ह्याला तर हळद लागलीय."

काकी जाकिटातून लवंग काढून चघळत बसल्या. आयुष्यभर अल्बम लावलेल्या बाईला शेवटच्या पानावर काय ठेवायचं हे मी शिकवायला निघाले होते.

"हळद लागल्याल्याला शिवंच्या भायेर काढत न्हाईत," दत्ता म्हणाला. आमच्याकडे नाही, अल्बमाकडे बघून. मग मोठ्याने म्हणाला, "जाऊ द्या मॅडम. करू द्या लगीन."

मी पडवीतच रडले आणि रडता रडता हसले. काकींनी सेफ्टी पिनांच्या खिशातून रुमाल काढून दिला. जाळीचा गठ्ठा कोणी सोडलाच नाही. पुढच्या महिन्यात त्याच्यावर दत्ताची कोंबडी अंडी उबवायला बसली. ओसरीतली पिल्लं त्याआधीच उडाली होती, आणि मला पुढच्या दाराने यायची परवानगी मिळाली होती.

माझी बदली पारनेरला झाली त्याला आता काही वर्षं झाली. निघायच्या दिवशी काकींनी मला पडद्यासमोर नाही, डाळिंबापाशी उभं केलं. तळहात फिरवला, मला तीन पावलं सरकवलं आणि म्हणाल्या, "हनुवटी खाली." त्या फोटोत मी सावळी आहे आणि सुंदर आहे. तो मी कुणालाही पाठवत नाही, तो माझ्या टेबलावर असतो.

दरवर्षी आंबे बहारात दत्ताचा फोन येतो. तो फक्त एवढंच म्हणतो, "मॅडम, हळद लागली." मी रजा टाकते आणि जाते. यंदा गेले तेव्हा पुढचं दार पुन्हा बंद होतं. काकी परसात बसल्या होत्या, जाकीट घालून, अंतरपाटाची घडी मांडीवर. दत्ता बागेतून आला. आल्या आल्या दर वर्षीप्रमाणे त्याने फोडलेल्या फुलांचा हिशेब दिला.

"काकी, औंदा सात फोडलीत."

काकींनी तळहात उन्हात धरला, या कुशीवरून त्या कुशीवर वळवला, आणि माझं कोपर धरत उठल्या.

"सात?" त्या म्हणाल्या. "मंग औंदा लगीन मोठं हाय."